मध्यमेंदूभोवतीच्या बारीक शिरा: शवविच्छेदनापासून एमआरआयपर्यंत

मेंदूच्या खोल भागातलं रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरेला दुसऱ्या शतकातल्या गेलनचं नाव आहे. तिला येऊन मिळणाऱ्या बेसल व्हेनचं वर्णन मात्र जर्मन शरीररचनातज्ज्ञ रोझेनथाल यांनी 1824 मध्ये केलं. मेंदूच्या तळाशी सुरू होऊन ही शीर मध्यमेंदूच्या (मेंदूच्या खोडाचा सर्वांत वरचा भाग) देठाला वळसा घालते आणि मागे वर चढून गेलनच्या शिरेत उतरते. वाटेत तिला देठाच्या शिरा मिळतात. मध्यमेंदूच्या बाजूच्या खाचेतली लॅटरल मेसेन्सेफॅलिक व्हेन तिला खाली, कानाजवळच्या हाडालगत असलेल्या पेट्रोसल शिरांशी जोडते.

पुस्तकातलं हे चित्र प्रत्यक्षात अनेकदा जुळत नाही. त्याचं कारण डॉर्कस पॅजेट यांच्या 1957 च्या भ्रूणविषयक कामात सापडतं: बेसल व्हेन एकसंध जन्मत नाही, वेगवेगळे तुकडे उशिरा जोडले जाऊन ती तयार होते. एखादा सांधा जुळलाच नाही तर पुढचा भाग अन्कसच्या (मेंदूच्या टेम्पोरल खंडाचं आतलं टोक) शिरेवाटे आणि मागचा गेलनकडे वाहतो. कधी जवळजवळ सगळं रक्त गेलनला टाळून दुसऱ्याच वाटेनं जातं. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असंही नाही.

1927 मध्ये एगास मोनिझ यांनी अँजिओग्राफी, म्हणजे धमनीत द्रव्य सोडून रक्तवाहिन्यांचा एक्स-रे काढण्याची पद्धत, आणली. तिच्या शेवटच्या टप्प्यात शिरा दिसू लागल्या, पण भोवतालचा मेंदू दिसत नव्हता. म्हणून 1960 च्या दशकात ह्वांग आणि वुल्फ यांनी शिरांच्या सरकण्यावरून गाठीची जागा ओळखण्याची पद्धत बारकाईनं मांडली. मेंदूच्या खोडात गाठ वाढली की खोड आणि लहान मेंदू यांच्यामधली प्रीसेंट्रल सेरेबेलर व्हेन मागे ढकलली जाते, वर्मिसमध्ये (लहान मेंदूचा मधला भाग) वाढली की पुढे. सीटी आल्यावर गाठच थेट दिसू लागली आणि हे कौशल्य मागे पडलं. आज स्कॅनमधल्या शिरांचं वाचन कच्चं राहतं, त्याचं मूळ बहुधा इथेच आहे.

या शिरा पुन्हा चर्चेत आल्या त्या रक्तस्रावामुळे. 1985 मध्ये डच न्यूरोलॉजिस्ट व्हान खेन आणि सहकाऱ्यांनी मध्यमेंदूभोवती साचणारा, धमनीचा फुगा न सापडणारा आणि बहुतेकदा सौम्य राहणारा स्राव वेगळा काढला. अशा रुग्णांत बेसल व्हेनची वेगळी रचना अधिक आढळते, म्हणून स्राव शिरेतून होत असावा असा कयास आहे. तो सिद्ध झालेला नाही. फुगा नसल्याची खात्री अँजिओग्राफीनं करावीच लागते.

1997 मध्ये रायखेनबाख आणि हाके यांच्या गटानं ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या चुंबकीय गुणाचा वापर करून एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेत टोचायच्या द्रव्याशिवाय) बारीक शिरा दाखवल्या. आजचं एसडब्ल्यूआय (ससेप्टिबिलिटी-वेटेड इमेजिंग) हे एमआरआयचं तंत्र यातूनच वाढलं. त्यात शीर काळी दिसते. कापाला काटकोनात छेदणारी शीर काळा ठिपका होते आणि सूक्ष्म रक्तस्राव समजली जाते. लगतचे काप जोडणाऱ्या मिनिमम इंटेन्सिटी प्रतिमेत ठिपक्याची रेघ झाली, तर ती शीर. कवटीच्या तळाजवळ हवा आणि हाडामुळे प्रतिमा बिघडते, त्यामुळे बेसल व्हेनचा पुढचा भाग तिथे न दिसणं म्हणजे तो नसणं नव्हे.

कॉन्ट्रास्ट एमआरआयमध्ये लॅटरल मेसेन्सेफॅलिक व्हेनचा चकाकता ठिपका लहान गाठीसारखा वाटतो. सीटी अँजिओमध्ये (सीटीवर केलेली अँजिओग्राफी) स्कॅन उशिरा झाला, तर शेजारून जाणारी पोस्टीरियर सेरेब्रल धमनी आणि बेसल व्हेन यांची गल्लत होते. वाहिनीचा धागा दोन्ही टोकांपर्यंत धरावा: धमनी खोडासमोरच्या बॅसिलर धमनीकडे परतते, शीर गेलनकडे. हीच शीर धमनीच्या टप्प्यातच, म्हणजे द्रव्य फक्त धमन्यांत असायला हवं तेव्हाच, फुगलेली आणि भरलेली दिसली, तर मात्र तिला सामान्य फरक म्हणून सोडू नये. टेंटोरियमजवळची (मोठा आणि लहान मेंदू यांच्यामधला पडदा) ड्युरल फिस्टुला, म्हणजे मेंदूच्या आवरणातला धमनी आणि शिरेचा थेट जोड, शोधावी.