दिवा जंक्शन

दिवा हे ठाणे जिल्ह्यातलं मध्य रेल्वेचं जंक्शन स्टेशन, ठाण्याहून स्लो लोकल पकडली की कळवा, मुंब्रा आणि तिसरं दिवा, पुढे कोपर मग डोंबिवली. मेन लाइनवरून इथे दोन फाटे फुटतात, एक पनवेलकडे साधारण २६ किमी आणि दुसरा वसई रोडकडे साधारण ४२ किमी. ऐरोलीलाही एक दिवा गाव आहे, त्यामुळे नवी मुंबईतल्या माणसाला पत्ता सांगताना 'स्टेशनवालं दिवा' असं सांगितलेलं बरं.

रूळ इथे फार जुने आहेत. ठाणे ते कल्याण गाडी १ मे १८५४ ला सुरू झाली, ती मुंब्र्याचा डोंगर आणि खाडी यांच्या मधून वळसा घेत यायची. १९१६ मध्ये पारसिकचा १.३ किमीचा बोगदा झाला आणि फास्ट गाड्या डोंगराच्या पोटातून सरळ निघायला लागल्या, कळवा मुंब्रा बाजूला पडलं आणि दोन्ही मार्ग परत एकत्र यायचे ते दिव्याजवळ. म्हणजे फास्ट गाडी दिव्यावरून जायची खरी, पण थांबायची नाही, आणि हे असंच कितीतरी वर्षं चाललं.

आजूबाजूला साबे, दातिवली, बेतवडे, आगासन, म्हातार्डी अशी आगरी-कोळी वस्तीची गावं, भातशेती आणि खाडी. मग मुंबई-ठाण्यात घर परवडेना तशी माणसं इकडे आली, चाळी झाल्या, बिल्डिंगा झाल्या, आणि स्टेशन मात्र बराच काळ गावाच्या मापाचंच राहिलं. सकाळी कल्याण-डोंबिवलीहून भरून आलेल्या लोकलमध्ये दिव्याच्या माणसाला दारात पाय ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून दिव्यातूनच सुटणारी सीएसएमटी लोकल द्या ही मागणी जुनी आहे आणि माझ्या मते अगदी रास्त आहे. त्यात पूर्व-पश्चिम जोडणारं फाटक, ते उघडलं की लोकल सिग्नलला उभी, बंद केलं की रिक्षा, शाळेची पोरं सगळे अडकून. २ जानेवारी २०१५ ला सकाळी गाड्यांचा खोळंबा झाला आणि लोक रुळावर उतरले, दगडफेक झाली, मध्य रेल्वे कित्येक तास ठप्प होती. डिसेंबर २०१६ पासून फास्ट लोकल दिव्याला थांबायला लागल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाइन सुरू झाली, तेव्हापासून फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूने जातात आणि बोगदा मेल-एक्सप्रेसकडे गेला.

पनवेलचा फाटा १९६० च्या दशकातला. दातिवली, निळजे, तळोजे पाचनंद, नावडे रोड, कळंबोली आणि पनवेल, पुढे आपटा, पेण, नागोठणे करत रोहा. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, ती १९९८ मध्ये पूर्ण झाली. वसईच्या फाट्यावर कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जुचंद्र, यातलं कोपर बघण्यासारखं आहे कारण वसईची लाइन तिथे मेन लाइनच्या डोक्यावरून जाते, वर एक फलाट आणि खाली एक, लोक 'वरचं कोपर, खालचं कोपर' म्हणतात. या दोन्ही फाट्यांवर मेमू, म्हणजे विजेवर चालणारी जवळच्या पल्ल्याची पॅसेंजर, धावते, पण फेऱ्या मोजक्या, त्यामुळे इथे गाडीपेक्षा तिची वेळ महत्त्वाची, लोकल पाच मिनिटं लेट झाली आणि जिना चढून उतरेपर्यंत मेमू सुटली की पुढचे तास फलाटावर, निळजे किंवा खारबावच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फेऱ्या वाढत नाहीत त्याचं एक कारण मालगाड्या. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर गुजरात आणि उत्तरेकडे याच मार्गाने जातात. दोन फाट्यांना परस्पर जोडणारा रूळही आहे, त्यामुळे मालगाड्या आणि गुजरातकडून कोकणात जाणाऱ्या लांबच्या गाड्या दिवा स्टेशनात न येताच वळून जातात.

कोकणातल्या माणसाला मात्र दिवा वेगळ्याच कारणाने माहीत. सकाळची दिवा-सावंतवाडी इथूनच सुटते, आणि रत्नागिरी पॅसेंजर जी आधी दादरपर्यंत जायची ती कोविडनंतर दिव्यालाच संपायला लागली. वरवर बघता थोडंसंच अंतर कमी झालं, पण गावाहून आलेली म्हातारी माणसं, डोक्यावर तांदळाचं गाठोडं, हातात आंब्याची पेटी, त्यांना दिव्याला उतरून जिना चढून भरलेल्या लोकलमध्ये शिरायचं असतं, हे ज्यांनी बघितलंय ते गाडी परत दादरला न्या असंच म्हणतील, प्रवासी संघटनाही तेच मागतायत. गणपतीच्या आदल्या दिवसांत चाकरमानी रात्रीच येऊन फलाटावर पथारी टाकतात, सावंतवाडी गाडी लागायच्या आधीच रांग लागलेली असते.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन म्हणून जे ठरलंय तेही ठाणे स्टेशनजवळ नाही, इथल्या म्हातार्डीला आहे.