छपराखाली जपलेली भेग

जपानमधल्या कोबे शहराहून आवाजी बेटावर जाणारा आकाशी काइक्यो पूल आराखड्यापेक्षा सुमारे एक मीटरने लांब आहे. दोन मनोऱ्यांमध्ये १,९९० मीटर अंतर ठेवायचं ठरलं होतं. जानेवारी १९९५ मध्ये मनोरे उभे राहिले होते, मुख्य केबलही टाकून झाल्या होत्या, रस्ता तेवढा टांगायचा होता. १७ तारखेच्या पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला आणि मनोरे एकमेकांपासून दूर सरकले. अभियंत्यांनी पुढचा आराखडा नव्या मापांना जुळवून घेतला. १९९८ मध्ये पूल खुला झाला, तेव्हा अंतर भरलं १,९९१ मीटर. त्या भूकंपात जमिनीला पडलेली भेग नोजिमा प्रस्तरभंग संग्रहालयात जपली आहे (प्रस्तरभंग म्हणजे जिच्यावर दोन्ही बाजूंचे खडक सरकतात ती भेग). तिथे कोबेहून निघालेला माणूस याच पुलावरून जातो, म्हणजे भूकंपाचा पहिला पुरावा तिकीट काढायच्या आधीच पाहून होतो.

संग्रहालय बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, होकुदान भागात आहे. त्या पहाटे इथे सुमारे १० किलोमीटर लांबीची जमीन फाटली. तिच्यातला १४० मीटरचा तुकडा जपानने जसाच्या तसा ठेवला आणि वर लांबलचक इमारत बांधली. एरवी असा पुरावा टिकत नाही. शेतं पुन्हा नांगरली जातात, रस्ते दुरुस्त होतात, पावसात कडा ढासळतात. इथे मात्र फुटलेला डांबरी रस्ता, तुटलेला पाण्याचा पाट आणि मध्येच बाजूला ढकललेलं कुंपण अजून जागेवर आहे.

या कुंपणापाशी थोडा वेळ थांबावं. भेगेच्या अलीकडे उभं राहून पाहिलं, तर पलीकडचा भाग उजवीकडे सरकलेला दिसतो. पलीकडे जाऊन अलीकडे पाहिलं, तरी समोरचा भाग उजवीकडेच गेलेला! कुठूनही पाहा, समोरची बाजू उजवीकडे सरकलेली दिसते, म्हणून याला उजव्या सरकणीचा प्रस्तरभंग म्हणतात. पुस्तकातल्या बाणांच्या आकृतीवरून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे चार पावलं चालून कळतं. शिवाय डोंगराकडची बाजू थोडी वरही उचलली गेली आहे.

पुढे भेगेला आडवा खड्डा खणून तिचा छेद उघडा ठेवला आहे. दोन्ही बाजूंचे मातीचे थर एकमेकांशी जुळत नाहीत. भूवैज्ञानिक अशा खड्ड्यांतूनच जुने भूकंप शोधतात: कोणता थर तुटलाय, त्यावरचा कोणता अखंड आहे आणि दोघांचं वय काय. या प्रस्तरभंगावर असे खड्डे खणून पाहिल्यावर आधीचा मोठा भूकंप साधारण २ हजार वर्षांपूर्वीचा निघाला. इतका काळ खडक ताण सोसत राहिले आणि तो काही सेकंदांत सुटला. सुरुवात झाली कोबे आणि बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीखाली, सुमारे १६ किलोमीटर खोल. तिथून भंग एकीकडे बेटाखाली आणि दुसरीकडे कोबेखाली धावत गेला.

आवारात एक घर आहे. भेग त्याच्या अंगणातून गेली; बागेची कड आणि कुंपणाची भिंत मीटरभराहून जास्त सरकली. घर मात्र उभं राहिलं, कारण त्याचा पाया आणि बांधणी भक्कम होती. आत त्या सकाळचं स्वयंपाकघर मांडून दाखवलं आहे: उघडी पडलेली कपाटं, जमिनीवर भांड्यांचा खच. मला या संग्रहालयातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. जमीन जिथे प्रत्यक्ष फाटली तिथलं घर तगलं आणि भेग दिसतही नव्हती त्या कोबेत हजारो घरं पडली. या भूकंपात ६,४३४ माणसं गेली. बहुतेक जण घराखाली चिरडून किंवा गुदमरून गेले. लाकडी घरांवर जड कौलं होती. वादळवाऱ्यात त्या वजनाचा उपयोग होई, हादऱ्यात मात्र तेच वजन झोपलेल्या माणसांवर आलं. १९८१ मध्ये बांधकामाचे नियम कडक झाले होते. त्यानंतरची घरं पुष्कळच चांगली टिकली.

हे वाचताना आपल्याला किल्लारी आठवणारच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. तीव्रता ६.२, म्हणजे कोबेपेक्षा बरीच कमी, तरी जवळजवळ १० हजार माणसं गेली. तिथेही लोक झोपेत होते आणि मातीत रचलेल्या दगडी भिंतींवर माळवदाचा भार होता. लातूर-धाराशिवकडच्या उन्हाळ्यात माळवदाचं घर गार राहतं, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या बांधलं गेलं. कोबेची कौलं आणि आपलं माळवद, दोन्ही हवामानाला दिलेली शहाणी उत्तरं होती. मोठ्या भूकंपाचा हिशेब मात्र त्यांत धरलेला नव्हता.

होकुदानमध्येही पुष्कळ घरं पडली आणि ३९ माणसं दगावली. पण ढिगाऱ्यांत अडकलेल्या सुमारे ३०० जणांना गावकऱ्यांनी आणि गावच्या स्वयंसेवी अग्निशमन पथकाने त्याच दिवशी बाहेर काढलं. कोणत्या घरात कोण राहतं एवढंच नव्हे, तर म्हातारी माणसं कोणत्या खोलीत झोपतात हेही त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे कुठे उकरायचं, हे कोणाला विचारावं लागलं नाही.