शेपूट, हातमोजा आणि इंग्रजीतले भित्रे

कावर्ड, क्रेव्हन, पोल्ट्रून, डॅस्टर्ड. शब्दकोशात या सगळ्यांपुढे ‘भित्रा’ एवढाच अर्थ मिळतो. मुळात मात्र प्रत्येक शब्दातला आरोप वेगळा होता.

‘कावर्ड’ तेराव्या शतकात जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ लॅटिन ‘कॉडा’, म्हणजे शेपूट. रनार कोल्ह्याच्या मध्ययुगीन फ्रेंच कथांत सशाचे नावच ‘कोआर’ आहे. सरदार घराण्यांच्या चिन्हांत मागच्या पायांत शेपूट घातलेल्या सिंहाला ‘लायन कावर्ड’ म्हणतात. शेपूट घालणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

‘क्रेव्हन’ची गोष्ट थेट कोर्टातली. नॉर्मनांनी १०६६ नंतर इंग्लंडमध्ये द्वंद्वाने निवाडा करण्याची रीत आणली. खुनाच्या खासगी फिर्यादीत फिर्यादी आणि आरोपी यांनी स्वतः लढायचे. चांदण्या दिसेपर्यंत आरोपी टिकला तर सुटला, हरला तर फाशी. फिर्यादीने ‘क्रेव्हन’ म्हटले की हार कबूल. मग तो बेअब्रू ठरे. त्याला ज्यूरीत बसता येत नसे, त्याची साक्षही चालत नसे. म्हणजे ही शिवी हरणाऱ्याने स्वतःच्याच तोंडाने उच्चारायची होती!

ही रीत विस्मरणात गेली, पण रद्द झाली नाही. १८१७ मध्ये बर्मिंगहॅमजवळ मेरी ॲशफर्ड या तरुणीचा मृत्यू झाला. खुनाच्या आरोपातून अब्राहम थॉर्नटन निर्दोष सुटला. तिच्या भावाने नव्याने फिर्याद केली, तेव्हा थॉर्नटनने भर कोर्टात हातमोजा फेकून द्वंद्व मागितले. भाऊ अंगाने किरकोळ. तो लढला नाही आणि एप्रिल १८१८ मध्ये थॉर्नटन मोकळा झाला. त्या भावाला भित्रा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. १८१९ मध्ये पार्लमेंटने ही रीतच मोडीत काढली.

‘पोल्ट्रून’ इटालियन ‘पोल्त्रोने’वरून आला, म्हणजे आळशी, ऐदी. लढाई चुकवायला अंगठा कापून घेणाऱ्यांशी त्याचे नाते जोडणारी व्युत्पत्ती रंगतदार आहे, पण रचलेली.

‘डॅस्टर्ड’ आधी मठ्ठ माणसाला म्हणत, भित्र्याला नंतर. त्यावरून आलेल्या ‘डॅस्टर्डली’त भीतीपेक्षा कपट जास्त, बेसावध माणसावर केलेला वार. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला ८ डिसेंबर १९४१ रोजी रूझवेल्ट यांनी हेच विशेषण लावले. त्या वैमानिकांना घाबरट कोण म्हणेल? आपल्या बातम्यांतला ‘भ्याड हल्ला’ही याच अर्थाने छापला जातो.