सदऱ्यामागे चार रुपये, क्विंटलमागे साडेपाचशे

19 ऑगस्ट 2025 पासून केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचं 11 टक्के शुल्क काढून टाकलं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. यवतमाळ-वर्ध्याकडे दसऱ्याच्या आसपास वेचणी सुरू होते आणि दिवाळीपासून बाजारात आवक वाढते. म्हणजे ही सूट नेमकी कापूस घरात यायच्या दिवसांत आली. पारावर यावर जे बोललं गेलं, ते छापण्याजोगं नाही. हिशेब मात्र मांडण्याजोगा आहे.

कास्तकार विकतो कापूस, सूतगिरणी घेते रुई. एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी वेगळी करायला, गेला की साधारण 34 किलो रुई निघते. उरते ती सरकी आणि थोडी घट. जगाच्या बाजारात भाव ठरतो रुईचा. समजा, परदेशी रुई बंदरात दीडशे रुपये किलोने उतरली. त्यावर 11 टक्के शुल्क असेल तर गिरणीला ती साडेसोळा रुपयांनी महाग पडते, आणि तेवढ्या उंचीपर्यंत इथल्या रुईला चढायला जागा मिळते. 34 गुणिले साडेसोळा, म्हणजे 561 रुपये. शुल्क उठलं की कापसाच्या एका क्विंटलमागचा जास्तीत जास्त एवढा आधार जातो. प्रत्यक्षात पुरता जात नाही. जहाजाला वेळ लागतो, सगळ्याच गिरण्या बाहेरचा माल घेत नाहीत, सरकीचा भाव आपल्या चालीने चालतो. पण काटा झुकतो तो खालीच.

आता हेच पैसे दुसऱ्या टोकाला पाहू. एका सदऱ्याला पाव किलो रुई लागते असं धरलं, तर शुल्कमाफीने सदरा चार रुपयांनी स्वस्त होऊ शकतो. तो घेणारे कोट्यवधी, आणि चार रुपये सुटले हे त्यातल्या एकालाही कळत नाही. वीस क्विंटल पिकवणाऱ्याला मात्र अकरा हजारांपर्यंतचा खड्डा लगेच कळतो. मुक्त व्यापाराची सगळी भांडणं बहुधा याच विषमतेतून उठतात: फायदा पातळ पसरतो, तोटा एका ठिकाणी साचतो.

सरकारची बाजूही अगदीच पोकळ नव्हती. त्याच महिन्याच्या 27 तारखेपासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण 50 टक्के शुल्क लावलं. तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या कापड उद्योगाला निदान कच्चा माल तरी स्वस्त मिळावा, हा विचार होता. तिथली शिलाई मशीन बंद पडली तर आपल्या रुईला गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न विदर्भानेही विचारायला हवा.

मुक्त व्यापाराच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी 1817 मध्ये मांडला. त्यांच्या उदाहरणात ठरावीक कापडाला इंग्लंडमध्ये वर्षभर 100 माणसं लागतात, पोर्तुगालमध्ये 90. ठरावीक द्राक्षमद्याला इंग्लंडमध्ये 120, पोर्तुगालमध्ये 80. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही त्याने मद्यच करावं आणि कापड इंग्लंडकडून घ्यावं, म्हणजे दोघांनाही जास्त मिळतं. गणित बिनचूक आहे. अडचण त्यात गृहीत धरलेल्या गोष्टीत आहे: कापडातला माणूस उद्या मद्याकडे वळेल. कोरडवाहू काळ्या रानात पऱ्हाटी (कपाशी), तूर, सोयाबीन एवढेच मार्ग असतील, तर माणूस वळणार कुठे?

वऱ्हाडाने हे दीडशे वर्षांपूर्वीच पाहिलं आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस थांबला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. तो व्यापार ‘मुक्त’ होता, पण एका बाजूने: 1896 मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के शुल्क बसलं, तर भारतीय गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच अबकारी कर लादला गेला, लँकेशायरला त्रास नको म्हणून. तो 1925 पर्यंत राहिला. आजही पटावरच्या सोंगट्या सारख्या नाहीत. अमेरिकी कापसाच्या अनुदानाविरुद्ध ब्राझीलने 2002 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, जिंकली, आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर घेऊन मिटवली. अनुदानं काही संपली नाहीत.

तरी दारं लावून बसावं, असं मला वाटत नाही. तेलाचंच घ्या. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं: इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिना-ब्राझीलचं सोयाबीन. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के केलं, तेव्हा किराण्याच्या दुकानात तेल लगेच महागलं. मे 2025 मध्ये ते 10 वर आणलं. कमी शुल्काने सोयाबीनवाल्याचं नुकसान होतं, पण रोजाने वेचणीला जाणाऱ्या बाईच्या चुलीवरचं तेल परवडतं. अनेकदा दोघं एकाच घरात असतात! शिवाय सोयाबीनच्या क्विंटलात तेल 18 किलोच्या आसपास, उरलेली बहुतेक ढेप (पेंड). त्यामुळे तेलावर कितीही शुल्क लावलं तरी ढेपेचा जागतिक भाव पडला की सोयाबीन पडतंच.

अर्थशास्त्रात यावर उत्तर आहे: ज्यांचा फायदा झाला त्यांच्यातून तोटेवाल्यांची भरपाई करा. कागदावर ती करताही येते, कारण एकूण फायदा तोट्याहून मोठा असतो. कापसात ही भरपाई म्हणजे हमीभाव. 2025-26 साठी लांब धाग्याला क्विंटलमागे 8110 रुपये. बाजार खाली गेला तर भारतीय कापूस महामंडळाने त्या भावात घ्यायचं. पण पूर्ण भाव मिळतो 8 टक्के ओलाव्यापर्यंत. पुढे कपात, आणि 12 टक्क्यांवर खरेदी नाही. पाऊस लांबला की पहिल्या वेचणीचा कापूस हमखास ओला असतो, आणि दिवाळीचा खर्च, मजुरी, दुकानदाराची उधारी तोंडावर असते. ज्याच्याकडे वाळवायला पत्र्याची शेड आहे तो थांबतो. बाकीचे खेडा खरेदीवाल्याला, म्हणजे गावात येऊन माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, देऊन मोकळे होतात, त्या दिवशी तो सांगेल त्या भावाने.