विदर्भातील दारूगोळा केंद्रे

लष्कराच्या आधुनिकीकरणाची चर्चा बहुधा तोफा, रॉकेटे व ड्रोनपाशी थांबते. त्यांना लागणाऱ्या दारूगोळ्याचा प्रश्न अधिक चिवट असून त्याचे बरेच धागे विदर्भात सापडतात. पुलगाव (जि. वर्धा) येथील मध्यवर्ती दारूगोळा भांडार (स्थानिक बोलण्यात ‘सीएडी’) आणि अंबाझरी (नागपूर), जवाहरनगर (जि. भंडारा) व भद्रावती (जि. चंद्रपूर) येथील आयुध निर्माणी ही त्यांतील प्रमुख केंद्रे होत.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सरहद्दीपासून दूर म्हणून हा प्रदेश निवडला गेला, असे सामान्यतः मानतात. तिन्ही निर्माणी साठच्या दशकातल्या असल्याने त्यांच्यापुरते ते ग्राह्य वाटते. पुलगावचे भांडार मात्र त्याआधीचे, बहुधा दुसऱ्या महायुद्धकाळातील आहे. त्यामुळे मुंबई-नागपूर लोहमार्ग व मोकळी जमीन हेच मूळ कारण मानणे अधिक सयुक्तिक ठरेल.

३१ मे २०१६ रोजी पहाटेपूर्वी पुलगावला लागलेल्या आगीत किमान १६ जण मृत्युमुखी पडले. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरलेले टीएनटी हे स्फोटक द्रव्य हे कारण पुढे आले. शुद्ध टीएनटी सु. ८१° से. ला वितळते, म्हणून ते वितळवूनच सुरुंगात ओततात. त्यात इतर नायट्रो-संयुगांची अशुद्धी राहिल्यास मिश्रणाचा वितळबिंदू बराच खाली येतो व तेलकट द्रव सांध्यांतून झिरपू लागतो. मे महिन्यात ४५ अंशांवर जाणाऱ्या वर्धा जिल्ह्यात ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. प्रणोदकाचेही (गोळा वा रॉकेट पुढे ढकलणाऱ्या ज्वालाग्राही द्रव्याचेही) तसेच : त्याचे विघटन रोखणारे स्थिरीकारक द्रव्य काळाबरोबर, आणि उष्णतेत अधिक वेगाने, खर्ची पडते. सुधारित शस्त्र आले तरी जुना साठा वर्षानुवर्षे कोठारात राहतो, हा तपशील आधुनिकीकरणाच्या आराखड्यांत सहसा दिसत नाही.

नव्या उत्पादनात पिनाक या बहुनळी रॉकेट प्रणालीची रॉकेटे महत्त्वाची आहेत. या प्रणालीचा मूळ मारा सु. ३८ किमी. असून दिशादर्शित आवृत्तीचा पल्ला सु. ७५ किमी. आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाकच्या दारूगोळ्यासाठी संरक्षण मंत्रालयाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड व नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज लिमिटेड यांच्याशी करार केले. यांतील दुसऱ्या, खाजगी कंपनीची ‘नागास्त्र-१’ ही घिरट्या घालणारी अस्त्रे २०२४ मध्ये लष्कराला मिळाली.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ संपुष्टात येऊन ७ सरकारी कंपन्या झाल्या. त्यात धातूकामाची अंबाझरी ‘यंत्र इंडिया’कडे, तर स्फोटकांचे भंडारा (जवाहरनगर) व भरणकामाचे चांदा (भद्रावती) ‘म्युनिशन्स इंडिया’कडे गेले, म्हणजे कवच एका कंपनीचे आणि त्यातली दारू दुसरीची.