रीफ टँकची प्रकाशयोजना

घरच्या काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवण्यासाठी दिव्याचा प्रकार, तीव्रता, वर्णपट, पसारा आणि रोजचा कालावधी ठरवण्याची रीत. साध्या फिशटँकमधला दिवा मासे नीट दिसावेत म्हणून लावलेला असतो. रीफ टँकमधला दिवा प्रवाळांना जगवतो, त्यामुळे तो वॅट पाहून किंवा रंग डोळ्यांना आवडला म्हणून निवडता येत नाही. प्रवाळ ज्या जागी बसणार आहे तिथे नेमका किती प्रकाश पोचतो, यावर निवड ठरते.

प्रवाळ हा प्राणी असला तरी बहुतेक भित्तीप्रवाळांच्या ऊतींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. ती प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेल्या अन्नाचा मोठा हिस्सा यजमानाला देतात आणि सांगाडा घडण्याचा वेगही प्रकाशात वाढतो. प्रकाश कमी पडला तर प्रवाळ हळूहळू उपाशी मरतो. गरजेपेक्षा फार जास्त झाला तर शैवालांत घातक ऑक्सिजन-संयुगे साठतात, प्रवाळ शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. उपासमारीला महिने लागतात, विरंजन मात्र दोन-तीन दिवसांत होऊ शकते. त्यामुळे शंका असेल तेव्हा कमी प्रकाशाची चूक पत्करावी, ती दुरुस्त करायला वेळ मिळतो. सन कोरल म्हणजे ट्युबास्ट्रिया याला अपवाद आहे. त्यात ही शैवाले नसतात, तो केवळ भरवलेल्या अन्नावर जगतो आणि त्याला दिव्याची गरजच नसते.

पीएआर म्हणजे काय

प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशकणांची मोजणी म्हणजे पीएआर. त्याचे एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. व्यवहारात नुसता आकडा सांगतात. उष्ण कटिबंधात स्वच्छ दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा सुमारे २००० असतो. घरच्या टाकीत तो गाठायचा नसतो, कारण बऱ्याच प्रवाळांचे प्रकाशसंश्लेषण त्याच्या कितीतरी खालीच संपृक्त होते आणि त्यापुढचा प्रकाश निव्वळ ताण ठरतो.

मशरूम कोरलला ३० ते ८० पुरते. झोअँथिड आणि लेदर कोरलसारख्या मऊ प्रवाळांना ५० ते १५० लागते. टॉर्च, हॅमर, फ्रॉगस्पॉन अशा मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळाचे एकेक फुलासारखे शरीर) कठीण प्रवाळांना ८० ते २०० मानवते, आणि अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा यांसारख्या लहान पॉलिपच्या प्रवाळांना २०० ते ३५०. ट्रायडॅक्ना शिंपल्याला २०० च्या वरचीच जागा द्यावी. हे आकडे प्रवाळाच्या जागेवरचे आहेत, दिव्याच्या खोक्यावर छापलेले नव्हेत.

तीव्रतेइतकाच महत्त्वाचा दिवसभराचा एकूण हिशोब. पीएआरला तासांनी आणि ३६०० ने गुणून दहा लाखांनी भागले की दिवसाचे मोल मिळतात. १५० पीएआर ९ तास म्हणजे ४.८६ मोल, ३०० पीएआर १० तास म्हणजे १०.८ मोल. सकाळ-संध्याकाळ तासाभरात दिवा हळूहळू चढत-उतरत असेल, तर तो प्रत्येक तास अर्धाच धरावा. हा हिशोब माहीत नसल्यामुळे अनेक जण तीव्रता तशीच ठेवून कालावधी ८ तासांवरून १२ वर नेतात आणि नकळत प्रकाश दीडपट करतात.

वर्णपट

समुद्राचे पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषते. खोलवर पोचतो तो मुख्यतः निळा. झूझँथेलींची रंगद्रव्ये, क्लोरोफिल ए, क्लोरोफिल सी-२ आणि पेरिडिनिन, याच निळ्या-निळसर हिरव्या भागावर चालतात. त्यामुळे एलईडी दिव्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा रॉयल ब्लू हा कणा असावा, जोडीला ४७० चा निळा, थोडा ४०० ते ४२० चा जांभळा आणि पांढरा. प्रवाळांची हिरवी-नारिंगी चमक त्यांच्यातल्या प्रतिदीप्त प्रथिनांची असते आणि ती निळ्या प्रकाशातच उठून दिसते. पण चमक दिसणे आणि पुरेसा प्रकाश मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अगदी मंद निळ्या दिव्याखालीही झोअँथिड झगमगतात आणि तरी महिन्याभरात लांबुळके होऊन वाकतात.

लाल आणि हिरवे एलईडी टाकी डोळ्यांना नैसर्गिक दिसावी म्हणून असतात. ते १० टक्क्यांच्या खालीच ठेवावेत. स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावरच्या २०१४ मधील एका प्रयोगात लाल प्रकाशाने त्याच्या शैवालांचे काम मंदावल्याचे दिसले होते. शिवाय काचेवरच्या आणि खडकावरच्या नको त्या शेवाळाला लाल प्रकाश फार मानवतो. केल्विनचा आकडा, म्हणजे १०,०००, १४,००० किंवा २०,०००, हा जुन्या दिव्यांचा रंग सांगण्यापुरता उपयोगी होता. एलईडीच्या बाबतीत त्यावरून फारसे काही कळत नाही.

दिव्यांचे प्रकार

सुरुवातीचा प्रयोग सूर्यप्रकाशावरच झाला. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक (समुद्रातले जिवाणू-जीव वस्तीला असलेले खडक), हवेचे बुडबुडे आणि ऊन यांवर चालणाऱ्या टाकीची माहिती प्रसिद्ध केली. विषुववृत्ताजवळ वर्षभर जवळपास सारखे ऊन असते, म्हणून ते जमले. कोकणात किंवा मुंबईत खिडकीतल्या उन्हावर टाकी चालवली तर एप्रिलमध्ये पाणी तापते आणि जुलैत प्रवाळ अंधारात बसतात.

पुढे मेटल हॅलाइड नावाचे प्रखर बल्ब आले, १५०, २५० आणि ४०० वॅटचे. प्रवाळ त्यांच्याखाली उत्तम वाढत, पाण्यात उन्हासारख्या लहरी दिसत. पण उष्णता इतकी की चिलरशिवाय भागत नसे, आणि बल्ब वर्षाच्या आत बदलावा लागे. टी-५ म्हणजे बारीक फ्लुरोसंट ट्यूब (चार फुटी ५४ वॅट, तीन फुटी ३९, दोन फुटी २४) आजही प्रकाशाचा सर्वांत एकसारखा पसारा देतात. लांब नळीतून येणारा प्रकाश प्रवाळाच्या फांद्यांखाली गडद सावली पडू देत नाही. मात्र ट्यूब दर ९ ते १२ महिन्यांनी बदलाव्या लागतात आणि भारतात रीफसाठीच्या निळ्या ट्यूब सहज मिळत नाहीत. नव्याने टाकी लावणाऱ्यासाठी आज एलईडी हाच व्यवहार्य पर्याय आहे.

एलईडीचा मुख्य दोष म्हणजे प्रकाश एका बिंदूतून येतो. दिव्याच्या बरोबर खाली तीव्र ठिपका, कडेला अंधार आणि मोठ्या प्रवाळाच्या पोटाखाली मेलेले ऊतक, असे चित्र त्यातूनच तयार होते. अरुंद कोनाच्या भिंगांमुळे ते आणखी बिघडते. शिवाय वेगवेगळ्या रंगांचे एलईडी दूरदूर बसवलेले असतील तर वाळूवर लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्या फिरतात. एकाच मोठ्या दिव्याऐवजी दोन लहान दिवे, किंवा दुधी डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारा पडदा) लावलेला दिवा, यांचा पसारा बरा पडतो. डिफ्यूझरमुळे थोडी तीव्रता जाते, ती जाऊ द्यावी.

एक प्रत्यक्ष मांडणी

६० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच टाकी घेऊ. भरल्यावर १२१ लिटर, वाळू-खडक वगळता १०० च्या आसपास. मऊ आणि मोठ्या पॉलिपचे प्रवाळ ठेवायचे आहेत. वाळूवर ७० ते ९०, मधल्या खडकावर १२० ते १५०, माथ्यावर २०० पर्यंत, असे लक्ष्य ठरते. यासाठी ९० ते १०० वॅटचा, रीफसाठीच बनवलेला एक एलईडी दिवा पाण्यापासून २० ते २५ सेंमी उंच टांगावा आणि ५० ते ६० टक्क्यांवर चालवावा. दिवा पूर्ण ताकदीने न चालवण्याची दोन कारणे आहेत. पुढे अ‍ॅक्रोपोरा ठेवावासा वाटला तर जागा राहते, आणि कमी तापलेला एलईडी जास्त टिकतो. हाच दिवा सरासरी ५० वॅट खेचत ९ तास चालला तर दिवसाला ०.४५ युनिट, महिन्याला १३ ते १४ युनिट वीज लागते. चार फुटी, १२० × ६० सेंमीच्या टाकीला अशाच ताकदीचे दोन दिवे पुरतात. लहान पॉलिपचे प्रवाळ सगळीकडे ठेवायचे असतील तर तीन ते चार.

काचेच्या झाकणाचा आणि जाळीचा हिशोबही धरावा. स्वच्छ काचही सुमारे दहावा हिस्सा खाते, आणि मिठाची खपली साचलेली काच त्याहून बरीच जास्त. मासे उड्या मारून बाहेर पडू नयेत म्हणून पारदर्शक बारीक जाळी काचेपेक्षा बरी, कारण तिच्यातून वायूंची देवाणघेवाणही होते.

मोजणी

पीएआर मीटर महाग आहे, पण तो दोनच दिवस लागतो. रीफ ठेवणाऱ्यांच्या गटात तो एकमेकांकडून मागून आणण्याची पद्धत आहे. टाकीच्या तळाची १५ सेंमीच्या चौकोनांत विभागणी करावी. वर सांगितलेल्या टाकीत ४ × ३ असे १२ बिंदू येतात. प्रत्येक बिंदूवर वाळू, मधली उंची आणि माथा, अशी एकूण ३६ मापे घ्यावीत. त्याआधी दिवा अर्धा तास चालू ठेवावा, भिंग पुसावे आणि वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) बंद करावा. पाणी हलत असताना आकडा नाचतो. हवेसाठी बनवलेला सेन्सर पाण्यात कमी माप दाखवतो. अ‍ॅपॉजी कंपनीच्या एसक्यू-५०० मालिकेच्या सेन्सरचा आकडा पाण्याखाली १.३२ ने गुणावा लागतो. एमक्यू-५१० या पाण्याखालच्या मीटरमध्ये ही दुरुस्ती आधीच केलेली असते, तिथे पुन्हा गुणू नये.

मोबाइलच्या लक्स अ‍ॅपवर विसंबू नये. उन्हासाठी लक्सला ५४ ने भागले की पीएआर मिळतो, हे खरे. पण लक्स हे माणसाच्या डोळ्याचे माप असून डोळा निळ्या रंगाला मंद असतो. त्यामुळे निळ्या एलईडीखाली हेच गणित केले तर खरा पीएआर त्याहून कितीतरी जास्त निघतो. निर्धास्तपणे दिवा वाढवत नेला जातो आणि टाकी पांढरी पडते.

सवय लावणे

नव्या टाकीत जैविक चक्र पुरे होईपर्यंत, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू रुजेपर्यंत, दिवा बंद किंवा अगदी मंद ठेवावा. प्रवाळ नसताना पूर्ण प्रकाश दिला तर त्यावर फक्त तपकिरी डायटम आणि हिरवे केसाळ शेवाळ पोसले जाते. पहिले प्रवाळ आल्यावर लक्ष्याच्या निम्म्यापासून सुरुवात करावी आणि दर आठवड्याला ५ ते १० टक्के वाढवत पाच-सहा आठवड्यांत लक्ष्य गाठावे. नवा फ्रॅग (प्रवाळाचा कापून लावलेला तुकडा) आधी वाळूवर किंवा कडेला ठेवून दोन आठवड्यांनी वर न्यावा. जुनी टी-५ ट्यूब बदलल्यावर किंवा बराच काळ मळलेले भिंग पुसल्यावरही प्रकाश एकदम वाढतो. तेव्हाही टक्केवारी खाली आणून पुन्हा चढवावी. रात्री पूर्ण अंधार हवा. चांदण्याचा निळा दिवा रात्रभर चालू ठेवण्याची गरज नाही.

प्रकाश वाढला की सांगाडा वेगाने घडतो आणि पाण्यातली क्षारता (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे) व कॅल्शियमही वेगाने संपतात. दिवा वाढवल्यानंतरचे दोन आठवडे क्षारता दर दोन दिवसांनी तपासावी आणि ८ ते ९ डीकेएचमध्ये (क्षारतेचे एकक) स्थिर ठेवावी. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर असताना प्रकाश वाढवणे सर्वांत धोक्याचे. नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असेल तर प्रवाळ वाढीव प्रकाश बराच सहज सोसतात.

बिघाड ओळखणे

प्रवाळाचा वरचा, दिव्याकडचा भाग फिका आणि सावलीतला भाग ठीक असेल, तर प्रकाश जास्त आहे. देठ लांबून प्रवाळ दिव्याकडे ताणला असेल, तर कमी आहे. रंगीत प्रवाळ तपकिरी झाला, तर त्यात शैवालांची गर्दी झाली आहे. कारण कमी प्रकाश किंवा पाण्यातली जास्त पोषकद्रव्ये, बहुधा दोन्ही. ऊतक बुडापासून सोलून सांगाडा उघडा पडत असेल, तर दिव्याला हात लावू नये. तिथे दोष बहुतेक वेळा क्षारतेच्या चढउताराचा किंवा संसर्गाचा असतो, आणि घाईने दिवा बदलला तर दुसरा ताण वाढतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि दहा दिवस थांबावे.

वीज आणि उन्हाळा

खाऱ्या पाण्याशेजारी विजेचे काम आहे, म्हणून ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारे उपकरण) आणि चालू अर्थिंग या गोष्टींना पर्याय नाही. वायर सॉकेटपेक्षा खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून ठिबकते. लोडशेडिंग असलेल्या भागात साधा यांत्रिक टायमर रोज मागे पडत जातो आणि आठवड्याभरात दिवा मध्यरात्री पेटू लागतो. बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्यावा. काही स्वस्त एलईडी वीज परतल्यावर आपली मांडणी विसरून १०० टक्क्यांवर सुरू होतात. विकत घेतल्या दिवशीच प्लग काढून-घालून हे तपासावे. इन्व्हर्टरवर दिवा जोडू नये, वेव्हमेकर जोडावा: प्रवाळ दोन-तीन दिवस अंधार सोसतात, साचलेले पाणी काही तासही सोसत नाहीत.

पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस हवे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एलईडी असला तरी चिलर किंवा एसी लागतोच. मे महिन्यात दिवा दुपारऐवजी संध्याकाळी ४ ते रात्री १२ असा चालवला तर पाण्याच्या तापमानाचा माथा थोडा उतरतो. प्रवाळांना घड्याळाशी देणेघेणे नसते, पण ही वेळ रोज दीडेक तासाने सरकवत न्यावी. भिंगावरची मिठाची खपली दर पंधरवड्याला आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसावी. ॲक्रिलिक भिंगावर स्पिरिट वापरू नये, बारीक तडे जातात. पंख्यातली धूळ दर दोन महिन्यांनी काढावी, कारण तापलेला दिवा बहुधा स्वतःच तेज कमी करतो आणि मालक ते कमी झालेले तेज टक्केवारी वाढवून भरून काढतो.

प्रवाळांच्या प्रजाती निवडताना हेही लक्षात ठेवावे की भारतीय समुद्रातले सगळे कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलणे हा गुन्हा आहे. शिवाय तिथले प्रवाळ गढूळ, मंद उजेडाच्या पाण्याला सरावलेले असतात.