दिलेलं परत घेता येऊ नये म्हणून

सातारा-सांगलीकडच्या बहुतेकांनी शाळेच्या सहलीत औंधची यमाई आणि भवानी संग्रहालयातली चित्रं पाहिलेली असतात. त्याच औंधमध्ये १९३९ साली राजानेच आपली सत्ता लोकांच्या हाती दिली, हे मात्र सहलीत कोणी फारसं सांगत नाही. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ७२ गावांचा कारभार गावपंचायतींतून आलेल्या प्रतिनिधींकडे सोपवला. या घटनेमागे मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरचे कष्ट होते आणि गांधीजींचा सल्ला होता.

पण राजाने दिलेलं राजा परतही घेऊ शकतो. औंधात तसं झालं नाही, तो राजाचा मोठेपणा. लोकशाहीकडे निघालेल्या प्रत्येक देशापुढे मात्र हा प्रश्न असतोच: आज बराकीत परतलेलं लष्कर उद्या पुन्हा बाहेर पडलं तर? चार पाहुण्यांसमोर सुपारी फुटली की लग्न मोडणं महागात पडतं. आंतरराष्ट्रीय संस्थांचं मुख्य काम या पाहुण्यांचं आहे, असं अनेक राज्यशास्त्रज्ञ मानतात.

ग्रीसचं पाहा. १९६७ साली तिथे लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता बळकावली. युरोपीय समुदायाने (आजच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) ग्रीसबरोबरचा करार गोठवला. १९६९ साली युरोप परिषद या वेगळ्या संघटनेतून हकालपट्टी होणार हे दिसताच हुकूमशहा स्वतःच बाहेर पडले. एवढ्याने त्यांची राजवट पडली असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. ती पडली १९७४ साली, सायप्रसमध्ये केलेल्या उपद्व्यापामुळे. संस्थेचा खरा उपयोग त्यानंतर झाला. पंतप्रधान करामानलिस यांनी पुढच्याच वर्षी युरोपीय समुदायाच्या सदस्यत्वासाठी अर्ज केला. ग्रीसची अर्थव्यवस्था अजून तयार नाही, थोडं थांबावं, असं समुदायाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाचं मत होतं. सदस्य देशांनी ते बाजूला सारलं आणि १९८१ साली ग्रीस आत आला. आता पुन्हा रणगाडे रस्त्यावर आणायचे तर बाजारपेठ आणि अनुदान दोन्ही गमवावं लागणार होतं.

स्लोव्हाकियात उलटं झालं, तिथे दार बंद ठेवण्याचा उपयोग झाला. पंतप्रधान मेचियार यांच्या मनमानीमुळे १९९७ साली देशाला युरोपीय संघाच्या सदस्यत्वाच्या वाटाघाटींच्या पहिल्या फेरीतून वगळलं. शेजारचे चेक, पोलंड, हंगेरी पुढे गेले. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत विरोधकांना आयता मुद्दा मिळाला. मेचियार यांचा पक्ष तरीही सर्वांत मोठा ठरला, पण त्याच्याबरोबर सरकार बनवायला पुरेसे साथीदार मिळेनात.

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात तर गोट्यांनी मतदान होतं. प्रत्येक उमेदवाराचं वेगळ्या रंगाचं पिंप असतं. मतदार नळीतून काचेची गोटी टाकतो आणि आत घंटी वाजते. कोणी दोनदा टाकली तर बाहेर ऐकू जातं! डिसेंबर २०१६ मध्ये या गोट्यांनी बावीस वर्षं सत्तेत असलेल्या याह्या जामेह यांना हरवलं. त्यांनी आधी हार मान्य केली, मग आठवडाभरात शब्द फिरवला. विजयी अदामा बॅरो यांना १९ जानेवारीला शेजारच्या सेनेगलमध्ये, गांबियाच्या दूतावासात शपथ घ्यावी लागली. पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोवास’ संघटनेचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं आणि दोन दिवसांत जामेह देश सोडून गेले.

हीच इकोवास नायजरमध्ये २०२३ साली हतबल ठरली. सत्ता बळकावलेल्या तिथल्या लष्करशहांनी निर्बंध सोसले आणि माली व बुर्किना फासोसह संघटनाच सोडली. ज्याला पंगतीत बसायचंच नाही, त्याला पान न वाढण्याची धमकी काय कामाची?

आत आल्यावर लोकशाहीतून मागे फिरणाऱ्याचं काय, हे हंगेरीने दाखवलं. २००४ साली युरोपीय संघाचा सदस्य झालेल्या या देशाचा संघातला मतदानाचा हक्क काढायचा तर बाकी सगळ्यांचं एकमत लागतं, आणि पोलंड बरीच वर्षं पाठीशी उभा होता. म्हणून २०२२ साली युरोपीय संघाने ६.३ अब्ज युरो रोखले. पैसा अडकल्यावर तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांच्या सरकारने न्यायव्यवस्थेचे कायदे सुधारले. डिसेंबर २०२३ मध्ये आयोगाने वेगळ्या अटीखाली अडवलेले सुमारे १० अब्ज युरो मोकळे केले. दुसऱ्याच दिवशी युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करण्याचा निर्णय व्हायचा होता. त्याला विरोध करणारे ओर्बान ऐन वेळी खोलीबाहेर गेले आणि निर्णय त्यांच्या गैरहजेरीत झाला.